इख्तियार आणि अखत्यार : बुडत्या जकार्ताविषयीचे लेखन वाचताना

मराठीत आपण 'अखत्यार' हा शब्द अधिकार या अर्थाने वापरतो. 'ही बाब आमच्या अखत्यारीत येत नाही' हे वाक्य सरकारी कचेरीत ज्याने कधी ऐकले नाही असा माणूस महाराष्ट्रात विरळाच. मूळ अरबी शब्द 'इख्तियार'. त्याचा तेथला अर्थ निवड, पसंती. फारसी दफ्तरांतून तो मराठीत आला, अधिकाराच्या अर्थाने रुजला आणि बहुतांशी कचेरीतच राहिला. हाच शब्द व्यापाराच्या आणि धर्माच्या वाटेने जावा-सुमात्राकडेही गेला. तेथे त्याला अर्थ मिळाला तो प्रयत्नाचा, खटपटीचा. इंडोनेशियातला माणूस संकटात 'इख्तियार' करतो, म्हणजे हातपाय हलवतो, वाट शोधतो. 'मुसीबत'ला तो 'मुसिबाह' म्हणतो, सब्राला 'साबार', नशिबाला 'नासिब', तकदीरला 'ताकदिर' आणि तवक्कुलला 'तावाकाल'. हजारो मैलांवरच्या माणसाचा दुःखाचा शब्दसंग्रह आपल्या मोहल्ल्यातल्या शब्दसंग्रहाशी इतका जुळावा, याचे नवल वाटते. पण इख्तियार या एका शब्दापाशी मात्र दोन वाटा फुटतात. त्यांच्याकडे तो प्रयत्न आहे, आपल्याकडे तो अधिकार आहे.

निवड, प्रयत्न आणि अधिकार. जकार्ता शहराच्या पुराविषयी जे लेखन माझ्या वाचनात आले, जी चित्रे आणि जे माहितीपट पाहायला मिळाले, त्यांचा विचार करताना हे तीन अर्थ मला पुन्हा पुन्हा आठवत राहिले. प्रस्तुत लेखात त्यांच्याच आधाराने या लेखनाकडे पाहायचे आहे. प्रश्न असा आहे की, पाण्यात राहणाऱ्या माणसाकडे हे लेखन कोणत्या नजरेने पाहते? त्याची निवड, त्याचे प्रयत्न आणि त्याचा अधिकार यांपैकी काय त्याला दिसते आणि काय दिसत नाही?

आधी शहराची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. जकार्तातून १३ नद्या वाहतात. त्यांतली चिलिवुंग ही प्रमुख नदी बोगोरच्या वरच्या डोंगरातून येते आणि शहर ओलांडून जावा समुद्राला मिळते. शहराचा उत्तर भाग नदीच्या गाळावर वसलेला आहे आणि तो खचतो आहे. मुआरा बारूसारख्या किनारी वस्त्यांत १९७४ ते २०१० या काळात जमीन सुमारे चार मीटर खाली गेली. आज शहराचा सुमारे ४० टक्के भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. तापमानवाढीमुळे समुद्र वर चढतो हे खरेच. पण जकार्तात जमीन त्याच्या कितीतरी पट वेगाने खाली जाते. गाळ आपोआप दबतो, वर इमारतींचे ओझे वाढते. मात्र मुख्य कारण भूगर्भातील पाण्याचा उपसा हे सांगितले जाते. नळाचे पाणी शहरातल्या सर्वांपर्यंत कधीच पोहोचले नाही. १९९८ पासून २०२३ पर्यंत पाणीपुरवठा खासगी कंपन्यांकडे होता, तरीही ही उणीव भरून निघाली नाही. हॉटेले, मॉल, कारखाने यांनी खोल विहिरी घेतल्या. किनाऱ्यावरच्या गरिबाची उथळ विहीर तर खारी. तो हातगाडीवाल्याकडून डबे भरून पाणी विकत घेतो. म्हणजे ज्यांनी खोलवरचे पाणी सर्वांत कमी उपसले, त्यांच्याच पायाखालची जमीन सर्वांत आधी गेली. गुडघाभर पाण्यात उभे राहून पिण्याचे पाणी विकत घेणारी बाई हे या शहराचे वास्तव आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही.

१९९६, २००२, २००७, २०१३ आणि २०२० ही या शहराच्या मोठ्या पुरांची अलीकडची वर्षे. १ जानेवारी २०२० रोजी हलीम विमानतळावर एका दिवसात ३७७ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. जकार्ता आणि परिसरात साठहून अधिक माणसे दगावली. शिवाय पाऊस नसतानाही भरतीचे पाणी घरात शिरते. त्याला तेथे 'रोब' असा वेगळा शब्दच आहे. पुराला 'बांजिर' आणि भरतीच्या पुराला 'रोब', असा भेद लोकांच्या बोलीने केला आहे. ज्या भाषेत पाण्याला इतकी नावे आहेत, तिथल्या माणसांना पाणी काही नवे नाही.

या शहराच्या पाण्याविषयीचा सर्वांत जुना मजकूर मराठी वाचकाला चकित करील. उत्तर जकार्तातील तुगू येथे सापडलेला, पाचव्या शतकातला मानला जाणारा शिलालेख संस्कृतात आहे. तारुमा राज्याचा राजा पूर्णवर्मन् याच्या कारकिर्दीचा हा लेख दोन जलप्रवाह खोदल्याची नोंद करतो. त्यांतल्या एकाचे नाव गोमती आणि दुसऱ्याचे चंद्रभागा. आपल्या पंढरीची चंद्रभागा दीड हजार वर्षांपूर्वी जकार्ताच्या चिखलात खोदली गेली होती! गोमतीचे काम २१ दिवसांत पुरे झाले आणि ब्राह्मणांना एक हजार गायी दान दिल्या, असेही त्यात म्हटले आहे. हा खटाटोप पूर आवरण्यासाठी होता की शेतीसाठी, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. राजाचे नाव आहे, नदीचे नाव आहे, गायींची संख्याही आहे. पण ज्यांनी २१ दिवस माती उपसली त्यांचा उल्लेख नाही. पाण्याविषयीचा मजकूर कोण लिहितो आणि कोणासाठी लिहितो, हा प्रश्न या पहिल्या दगडापासूनच सुरू होतो.

डच आले, १६१९ मध्ये त्यांनी बटाविया वसवले आणि आपल्या देशातल्यासारखे कालवे खणले. दोनच वर्षांत, १६२१ मध्ये, शहराने पूर पाहिला. १९१८ च्या मोठ्या पुरानंतर हर्मान फान ब्रेन या डच अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे पश्चिम पूर-कालवा झाला. पूर्व पूर-कालव्याचे काम सुरू व्हायला मात्र २००३ साल उजाडले. रेस्तू गुनावान या इतिहासकाराचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक या साऱ्या प्रवासाविषयी आहे. त्याच्या नावातच निष्कर्ष आहे. त्याचा मराठी अर्थ 'कालवा-व्यवस्थेचे अपयश' असा होईल. आराखडे होतात, निम्मेशिम्मे अमलात येतात, तोवर शहर आराखड्याच्या पुढे निघून जाते, ही या इतिहासाची लय आहे. पाणी समुद्राकडे लोटून दिले की प्रश्न सुटला, ही कालव्यामागची समजूत. पण जमीनच समुद्राखाली गेल्यावर पाणी लोटायचे कोठे? या प्रकारच्या लेखनाचे मोल मोठे आहे, कारण पुराला 'निसर्गाचा कोप' म्हणून मोकळे होण्याची सवय ते मोडून काढते. तरीही ही कहाणी कालव्याची आहे. काठावरचा माणूस तीत येतो तो बहुधा आकड्याच्या रूपाने : इतके मृत, इतके विस्थापित. इतिहासलेखनाची ही मर्यादाच आहे. ती साहित्याने आणि कलेने भरून काढायची असते.

तसा प्रयत्न एका विनोदी गाण्याने केला आहे. बेन्यामिन सुएब (१९३९-१९९५) हा जकार्ताच्या मूळ रहिवाशांपैकी, म्हणजे बेतावी समाजातला, अतिशय लोकप्रिय गायक आणि नट. त्याच्या 'कॉम्पोर म्लेदुक' या गाण्याचे नाव मराठीत 'स्टोचा भडका' असे होईल. शहरात पूर आणि त्यात घरात स्टो भडकतो, असा सगळा सावळागोंधळ. गाण्यात रडगाणे नाही. बेतावी बोलीचा ठसका आहे, थट्टा आहे. जकार्तात पूर आला की आजही हे गाणे आठवले जाते. अभिजनांच्या कवितेला जे साधले नाही ते या गाण्याला साधले, कारण येथे पाण्यात उभा असलेला माणूस स्वतः बोलतो. तमाशातला सोंगाड्या दुष्काळावर विनोद करतो, तेव्हा दुष्काळ लहान होत नाही. माणूस थोडा मोठा होतो. त्या जातीचे हे हसू आहे. पण हसण्याचीही एक अडचण असते. जे हसतात त्यांचे फारसे बिघडलेले नाही, असा सोयीस्कर समज ऐकणाऱ्याला करून घेता येतो. मुंबईच्या बाबतीत हे आपण अनुभवले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी वस्त्यांत शिरली, आणि त्यानंतर कित्येक दिवस वर्तमानपत्रांतून 'मुंबईचे स्पिरिट' गाजत होते. ज्याला दुसऱ्या दिवशी कामावर गेल्याशिवाय चूल पेटवता येत नाही, त्याच्या नाइलाजाला आपण जिद्द म्हणून टाळ्या वाजवल्या.

येथे मराठी वाचकाच्या मनातल्या एका संस्काराचाही विचार केला पाहिजे. पूर म्हटला की आपल्याला कुसुमाग्रजांची 'कणा' ही कविता आठवते. पुरात सर्वस्व गेलेला विद्यार्थी सरांकडे येतो आणि पैसे न मागता पाठीवर हात मागतो. पिढ्यान्‌पिढ्या ही कविता आपल्याला उभे राहायला शिकवत आली आहे आणि तिच्याविषयीचा आदर जराही कमी न करता मी पुढचे म्हणतो आहे. या कवितेतला पूर येतो आणि जातो. पाणी ओसरल्यावर खालची जमीन जागेवर असते. भिंत पुन्हा बांधता येते. बुडत्या शहरात ही हमी नाही. तेथे भिंत बांधली तरी ती दरवर्षी थोडी खाली जाणार आहे. अशा ठिकाणी माणसाच्या कण्याचे कौतुक पुरेसे नसते. जमीन कोणी खचवली हे विचारावेच लागते. पूर एकदा सोसणे आणि पुरात राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांना वेगळे साहित्य लागते.

आता पहिला अर्थ घेऊ, निवडीचा. मुआरा बारूच्या किनाऱ्यावर, समुद्र अडवण्यासाठी बांधलेल्या भिंतीच्या पलीकडे वल-अधुना नावाची एक मशीद आहे. पाणी आत आले, नमाज बंद झाली, आणि मशीद भिंतीबाहेर राहिली. भिंतींवर शेवाळ, कमानीत समुद्र. जगभरच्या वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर जकार्ताच्या बुडण्याचे हे चित्र सर्वांत जास्त झळकले. छायाचित्रे सुंदर आहेत, आणि नेमकी तीच त्यांची अडचण आहे. त्यांत बहुधा माणूस नसतो. एखादे खंडहर पाहावे तसे आपण ते पाहतो, हळहळतो आणि पान उलटतो. भिंतीच्या अलीकडे, समुद्राच्या पातळीखाली, माणसे भात शिजवत असतात, मासळी निवडत असतात, मुलांना मदरशात पाठवत असतात. ती चौकटीबाहेर राहतात. मशीद बुडाली की बातमी होते. नमाजी कोठे गेले, हे कोणी विचारत नाही. आणि कधी माणसे चौकटीत आलीच, तर लगेच प्रश्न येतो : 'हे लोक येथे राहतातच कशाला?' म्हणजे पाण्यात राहणे ही त्यांची निवड ठरवली जाते. बंदर जवळ, बाजार जवळ, काम जवळ, भाडे परवडणारे, शेजार ओळखीचा. या सगळ्याला निवड म्हणायचे असेल तर म्हणावे. पण ज्याच्यापुढे एकच दार उघडे आहे त्याने त्या दाराची निवड केली असे म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

दुसरा अर्थ प्रयत्नाचा. त्याची सर्वांत बारकाईने नोंद घेणारे लेखन मला रोआन फान फोर्स्ट या डच मानववंशशास्त्रज्ञ बाईंचे वाटले. जकार्तात नदीकाठच्या एका बेकायदा ठरवलेल्या वस्तीत त्या सुमारे वर्षभर राहिल्या. वस्तीचे खरे नाव त्यांनी लपवले आहे, आणि ते योग्यच. ज्या माणसांच्या घरांवर केव्हाही यंत्र चालून येऊ शकते त्यांचा पत्ता छापणे हा गुन्हाच ठरला असता. या वास्तव्यातून २०१६ मध्ये एक इंग्रजी शोधग्रंथ आणि सामान्य वाचकांसाठी एक डच पुस्तक निघाले. डच पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'जगातली सर्वोत्तम जागा' असा आहे. २०१८ मध्ये ते इंडोनेशियन भाषेतही आले. गटारासारख्या नदीच्या काठावरच्या झोपड्यांना सर्वोत्तम जागा म्हणणे हा उपरोध वाटतो. पण तेथे राहणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तो उपरोध उरत नाही. शहरात ज्याला दुसरी जागाच नाही, त्याची हीच सर्वोत्तम जागा.

फान फोर्स्ट यांचे मुख्य म्हणणे असे की, एकाच गल्लीत, एकाच पुराला तोंड देणारी माणसे सारखी वागत नाहीत. कोणी स्वतःच्या हिमतीवर तयारी करून ठेवतो. कोणी सरकारी यंत्रणेशी जुळवून घेतो, प्रशिक्षण घेतो, तिच्या ओळखीतून मदत मिळवतो. कोणी पैसेवाल्या आश्रयदात्याकडे पाहतो. कोणी उघड विरोधात उभा राहतो. आणि ही माणसे हिशेब मांडतात तो एकट्या पुराचा नसतो. घर सोडले तर चोरी होईल का, निवाऱ्यात गेलो तर परत येऊ देतील का, रोजगार बुडेल त्याचे काय, पुराच्या निमित्ताने वस्तीच उठवली तर? पाणी ही त्यांच्या अनेक भीतींपैकी एक भीती आहे, आणि पुष्कळदा ती सर्वांत मोठीही नसते. सायरन वाजूनही माणूस घर का सोडत नाही, या कोड्याचे उत्तर येथे मिळते. बाहेरच्याला जो अडाणीपणा वाटतो तो बहुतेक वेळा पूर्ण विचार करून घेतलेला निर्णय असतो.

नदीकाठच्या माणसांचे ज्ञानही कमी लेखण्यासारखे नाही. बोगोरजवळच्या काटुलांपा बंधाऱ्यावर पाणी किती चढले याची खबर फोनवर, वॉकी-टॉकीवर खाली येते, आणि ते पाणी आपल्या दारात पोहोचायला किती तास लागतील हे काठावरच्यांना तोंडपाठ असते. मशिदीच्या भोंग्यावरून इशारा दिला जातो. टीव्ही, गाद्या, तांदूळ माळ्यावर चढतात. दुचाक्या उंच रस्त्यावर नेल्या जातात. ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत जाते. किनाऱ्यावर तर घराची जमीनच दर काही वर्षांनी भर घालून उंच करतात. उंच करता करता छत डोक्याला टेकते, मग छत वर नेतात. एका आयुष्यात एकाच घराची जमीन तीनदा बांधणाऱ्या माणसाला दैववादी म्हणायला जीभ कशी रेटते? आपल्याकडे उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा ही शिकवण मुलांना सांगतात. इख्तियार आधी, तवक्कुल नंतर. बाहेरून आलेला पाहुणा बहुधा पूर ओसरल्यावर येतो आणि त्याला फक्त तवक्कुल ऐकू येते. आधीचा इख्तियार त्याने पाहिलेला नसतो. म्हणून तो लिहितो की, हे लोक सर्व काही देवावर सोडतात. फान फोर्स्ट पाणी येण्याच्या आधी तेथे होत्या, पाण्यात होत्या आणि नंतरही होत्या. त्यांच्या लेखनाचे बळ यातच आहे.

ओळखपत्राचा उल्लेख मला वैयक्तिकरीत्या भिडला. २६ जुलैच्या रात्री कुर्ल्यात आम्ही शेजाऱ्यांच्या माळ्यावर बसून होतो. पाणी उंबऱ्यावर आले तेव्हा अम्मीने सर्वांत आधी कुरआन शरीफ आणि रेशनकार्ड वर दिले. लग्नातली भांडी खालीच राहिली. रेशनकार्डच का, हे मला तेव्हा कळले नव्हते. जकार्तातही शहराचे ओळखपत्र नसलेल्या माणसाला मदतीच्या रांगेत अडचण येते हे वाचले, तेव्हा अम्मीचा हिशेब समजला. भांडी पुन्हा घेता येतात. आपण येथलेच आहोत हे पुन्हा सिद्ध करणे अवघड असते.

या पुस्तकांविषयी एक-दोन आक्षेपही नोंदवले पाहिजेत. माणसांचे चार प्रकार पाडणे अभ्यासासाठी सोयीचे असले, तरी जिवंत माणूस त्या कप्प्यांत नेहमी मावत नाही. सकाळी कचेरीतल्या साहेबापुढे हात जोडणारा संध्याकाळी मोर्चात घोषणा देतो. दोन्ही वेळा तो घरच वाचवत असतो. दुसरे असे की, ज्या देशाच्या अभियंत्यांनी या शहरावर आपल्या देशाचा नकाशा बसवला, त्याच देशाच्या लेखिकेने तेथल्या गरिबाचे मन जगापुढे मांडावे, हा इतिहासाचा विचित्र फेरा आहे. यात लेखिकेचा दोष नाही. उलट पूर्वजांनी कालवा पाहिला आणि तिने माणूस पाहिला, हे तिच्या बाजूने लिहावे लागेल. पण शेवटी ती तेथून निघून येऊ शकली. तिचा अखत्यार तिच्यापाशी होता.

येथे तिसरा अर्थ येतो. ऑगस्ट २०१५ मध्ये चिलिवुंगच्या काठावरचे काम्पुंग पुलो पाडले गेले. 'काम्पुंग' म्हणजे आपली वाडी किंवा मोहल्ला. एप्रिल २०१६ मध्ये जुन्या लुआर बातांग मशिदीच्या परिसरातले काम्पुंग आक्वारियम आणि सप्टेंबर २०१६ मध्ये बुकित दुरी पाडले गेले. नदी रुंद केल्याशिवाय पूर कमी होणार नाही, हे नदीकाठच्या पाडापाडीमागचे कारण. ते खोटे नाही. नदीचा गळा आवळला गेला आहे हे कोणीही पाहू शकतो. नव्या सदनिकेत गेलेल्या काही कुटुंबांना कोरडी जमीन मिळाली, हेही मान्य केले पाहिजे. पण पुरापासून वाचवण्याचे नाव घेऊन ज्यांना हलवले, त्यांना विचारले किती? 'जकार्ता अनफेअर' या २०१६ च्या माहितीपटात विस्थापित माणसे कॅमेऱ्यापुढे बोलतात. कलाकृती म्हणून तो घाईचा वाटतो, अनेक ठिकाणी तो भाषणाच्या अंगाने जातो. तरीही त्याचे स्थान मला महत्त्वाचे वाटते. तुगूच्या दगडावर ज्यांना जागा मिळाली नाही, ते या पडद्यावर स्वतःच्या तोंडाने हिशेब मागतात.

पुढची हकीकत तर माहितीपटाच्याही पुढे गेली. बुकित दुरीचे रहिवासी न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये न्यायालयाने त्यांना नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. आक्वारियमची माणसे पाडलेल्या घरांच्या राडारोड्यावर तंबू ठोकून राहिली, संघटित झाली, नव्या वस्तीच्या आराखड्यात सहभागी झाली. २०२१ मध्ये त्याच जागी त्यांच्यासाठी नव्या इमारती उभ्या राहिल्या. इख्तियार या शब्दाचा प्रयत्नाकडून अधिकाराकडे झालेला प्रवास मला येथे दिसला. आपल्या साहित्यिकांनी मन लावून पाहावे असे हे ठिकाण आहे.

दरम्यान, ऑगस्ट २०१९ मध्ये इंडोनेशियाने राजधानी बोर्निओ बेटावर नेण्याचे जाहीर केले आणि २०२२ मध्ये त्यासाठी कायदा केला. नव्या राजधानीचे नाव नुसांतारा. राजधानी हलवता येते, कारण ती कागदावर असते. जकार्तात एक कोटीहून अधिक माणसे राहतात. ती कागदावर राहत नाहीत. सरकारला निवड आहे, आणि त्याच्यापाशी अधिकारही आहे. भिंतीच्या अलीकडच्या माणसाकडे उरतो तो फक्त प्रयत्न.

जकार्ताविषयीच्या या लेखनाकडून मराठी लेखकाने, विशेषतः नदीकाठच्या आणि खाडीकाठच्या मोहल्ल्यांतून लिहू लागलेल्या आपल्या तरुण लेखकाने, काय घ्यावे? मिठीचा काठ असो की जुलै २०२१ मध्ये बुडालेले चिपळूण, आपल्याकडेही पुराच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या जातात. त्यांत पाणी किती चढले ते असते, कोणी कोणाला वाचवले ते असते, हिंदू-मुसलमान एकमेकांच्या मदतीला धावल्याचे हृद्य प्रसंग असतात. ते यायलाच हवेत. पण पाणी ओसरल्यानंतरची रांग, पंचनामा, ओळखपत्राची मागणी, पुढच्या पावसाआधी जमीन वर घ्यायला काढलेले कर्ज, आणि 'तुम्ही येथे राहताच कशाला' हा प्रश्न, हे फारसे येत नाही. पूर हा एका रात्रीचा प्रसंग म्हणून लिहिला की त्याची करुणकथा होते. तो पिढ्यांचा संसार म्हणून लिहिला तरच त्याची कादंबरी होईल. करुणकथा वाचणाऱ्याचे डोळे ओले करते. कादंबरी त्याला विचारते की, खोल विहीर कोणाची होती?

सब्र हा आपल्याकडे मोठा गुण मानला आहे आणि तो आहेच. पण सब्र सोसणाऱ्याने करायचा असतो. त्याचे कौतुक करून दुसऱ्याने मोकळे व्हायचे नसते. जे लेखन पूरग्रस्ताच्या सब्राची वाहवा करते आणि त्याच्या अखत्याराविषयी मौन पाळते, ते कितीही सुंदर असले तरी भिंतीपलीकडच्या मशिदीच्या छायाचित्रासारखे आहे. आमच्या घरातले ते रेशनकार्ड अजून अम्मीच्या पेटीत आहे. त्याच्या कडेला मिठीच्या पाण्याचा तपकिरी डाग आहे, आणि नावे अजून वाचता येतात.